रकाना सात

क्रीडा कार्यालयाच्या अर्जात सातवा रकाना:
‘संघाचा इतिहास थोडक्यात लिहा.’
जागा दीड ओळीची.
मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहितोय, साहेब,
पान उलटावं ही विनंती.

आइस हॉकी, ज्युनिअर गट, मुक्काम परभणी.
आधी हसून घ्या.
मे महिन्यात इथलं डांबर चप्पल धरून ठेवतं.

स्थापना बंद पडलेल्या जिनिंगच्या फरशीवर.
कापूस गेला होता, गुळगुळीतपणा राहिला होता.
मुनीर उस्ताद बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचे नळ बघायचे.
तरणेपणी कुठल्याशा छावणीत फ्रीज दुरुस्त करताना
त्यांनी हा खेळ एकदा पाहिलेला, तोही खिडकीतून.
बाकीचे नियम मनानं बसवले.
त्यातले दोन पुढं चुकीचे निघाले.

चाकांचे बूट तेरा जोड, लेकरं एकोणीस.
काठ्या बाभळीच्या, दिगंबर पांचाळनं तासलेल्या,
कुदळीच्या दांड्याएवढ्या जड.
चकती म्हणजे ट्रॅक्टरच्या टायरचा काप.
माझ्या छातीवर सरकीसकट कापूस भरलेली गादी.
मी गोलकीपर. निवडलं कुणी नाही,
मी जागचा हलत नव्हतो, एवढंच.

कर्णधार रेणुका खिल्लारे.
तिची आई विचारायची, काहून पडायला जाती गं रोज?
पडत नाही माय, वळते.

मग ती मार्चातली रात्र.
उस्तादांनी मालकाला न विचारता
(हे लिहावं की नाही? आता मालकही नाहीत)
चोवीस लाद्या हातगाड्यावरून आणल्या,
भुसा झटकून एकीला एक लावून मांडल्या.
चार बाजांएवढा बर्फ.
पातीचा बूट एकच जोड, आठ नंबरचा,
धाकट्यांनी पुढं चिंध्या कोंबल्या.
शाहीननं पहिलं पाऊल टाकलं अन् किंचाळली,
उस्ताद, ये तो बोलता है!
खरंच बोलत होता.
फरशी तीन वर्षांत एकदाही बोलली नव्हती.

माझा नंबर एकोणिसावा.
तोवर सांधे सुटले, लाद्या एकमेकींपासून सरकल्या,
पाणी मोरीकडं निघालं,
मोमीनांच्या दोन शेळ्या ते पीत होत्या.
उस्ताद म्हणाले, तू गोलकीपर. तेरेकू कहाँ जाना है?

पुढच्या जानेवारीत काझा.
सचखंडनं दिल्ली, मग तीन दिवस बस.
शिदोरीतले धपाटे एवढे गोठले
की पहिला सराव त्यांच्यावरच झाला.
पहिला सामना शून्य-सतरा.
सतराही मला पाठ आहेत, कुठल्या बाजूनं, कुणाचा.
दुसरा शून्य-अकरा.
तिसऱ्यात रेणुका पडली, किंवा वळली,
चकती तिच्या गुडघ्याला लागून आत गेली.
पंच बराच वेळ उभा राहिला.
दिला.
एक-नऊ.
आम्ही असे ओरडलो की समोरच्या पोरांनीही
काठ्या बर्फावर आपटल्या.

चार वर्षं गेलो. एकूण गोल सहा.
एकदा समोरचा संघ बर्फात अडकला, आलाच नाही;
तो विजय उस्तादांनी वहीत धरला नाही.
नंतर जिनिंगच्या जागी मंगल कार्यालय झालं.
रेणुका नांदेडला हाडांच्या दवाखान्यात आहे,
पडलेल्यांना चालायला शिकवते.

उस्ताद मागच्या एप्रिलात गेले.
पोरगा सौदीहून यायचा होता, रात्र काढायची होती.
कारखान्यातून लाद्या आल्या.
भुसा मी झटकला.
एकीला एक लावून मांडल्या, सांधा राहू दिला नाही.
पहाटे कुणीच बोलत नव्हतं
तेव्हा त्यातली एक तडकली. बारीक, आतल्या आत.
शाहीननं माझ्याकडं बघितलं.

सध्या सात लेकरं आहेत, शाहीनची थोरली धरून.
चाकांचे बूट चार जोड.
आठवा रकाना विचारतो,
सरावासाठी बर्फ उपलब्ध आहे काय.
कारखाना चालू आहे, साहेब.
मोरीच्या बाजूला उतार आहे,
एवढं यंदा ध्यानात ठेवू.